पाच घरचं कापड

"एकसष्ट," असं स्वतःशीच म्हणत गजराबाईने काशाची थाळी तिरपी केली, गढुळलेलं पाणी मोरीत सोडलं आणि वर न बघता हात पुढे केला. रेवाने तांब्यातल्या गार पाण्याची धार थाळीत धरली. तूप आता तुपासारखं राहिलंच नव्हतं. त्याचा पिवळेपणा गेला होता, वास गेला होता, आणि गजराबाईच्या तळहाताखाली ते ताज्या लोण्यासारखं पांढरं होऊन थाळीभर सरकत होतं.

आतल्या खोलीत झोळीतली भिकू रडू लागली. रेवाचा हात हलला आणि पाणी थाळीबाहेर सांडलं.

"लेऊ का वं तिले, आत्याबाई?"

"शंभर व्हऊ दे. बासष्ट पाणीनं तूप काय कामनं?"

"आग व्हई ऱ्हायनी तिले."

"म्हनीसनच तं करी ऱ्हायनू."

गजराबाईचा हात थांबला नाही, पण पुढची चार-पाच पाणी तिने जरा घाईनेच ओतली. शंभर पाण्याचं तूप ही तिच्या आईकडून आलेली विद्या. कुणाचं पोळलं, कुणाच्या पायाला जोडा लागला, कुणाच्या तान्ह्याची जांघ सोलवटली, की गावातल्या बायका वाटी घेऊन तिच्या दारी यायच्या. शंभर म्हणजे शंभर. नव्याण्णवावर तिने कधी हात धुतला नव्हता.

शंभरावं पाणी ओतून झालं तेव्हा रेवाने भिकूला आणून सासूच्या पायांवर उताणं निजवलं आणि लंगोटाची गाठ सोडली. तीन महिन्यांची पोर. जांघेच्या वळ्यांत, कुल्ल्यांवर, पोटाच्या खालच्या बाजूला, लंगोट बसेल तेवढी सगळी कातडी वाळत्या मिरचीच्या सालीसारखी लाल आणि चकचकीत झाली होती. कडेकडेने बारीक पुरळ. दोन जागी तर वरचं साल निघून ओल आली होती. गजराबाईने बोटावर तूप घेतलं आणि दाबही पडू नये अशा बेताने लावलं. भिकूचं रडणं हळूहळू उतरलं, मग हुंदके राहिले, मग तेही गेले.

"देख," गजराबाई म्हणाली. "गार वाटनं तिले."

रेवाने मान हलवली. तूप लावलं की भिकू शांत व्हायची हे खरंच होतं. आणि तिसऱ्या प्रहरी लंगोट सोडला की खाली पुन्हा तेच लाल अंग दिसायचं, हेही तेवढंच खरं होतं. महिना झाला, असंच चाललं होतं.

भिकू ही रेवाची तिसरी. पहिली मुलगी बाराव्या दिवशी गेली, दुसरा मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला. त्या काळी घरोघरी असं होई आणि बायका डोळे पुसून पुन्हा जात्यावर बसत. पण गजराबाईच्या मनाने तो मुलगा जाऊ दिला नव्हता. म्हणून तिसऱ्या खेपेला तिने कसलीच कसर ठेवली नाही. नाव ठेवलं भिकुबाई, म्हणजे मागून आणलेली, कुणी हेवा करू नये अशी. आणि सव्वा वर्ष तरी पोरीच्या अंगाला घरचं कापड लागू द्यायचं नाही असं ठरवलं. सगळं मागून आणलेलं, पाच घरचं. पाटलांची बायको असून गजराबाई पाच दारांपुढे पदर पसरून उभी राहिली. बायकांनी जुनी लुगडी दिली, धोतरं दिली. कुणी हसून, कुणी डोळ्यांत पाणी आणून. त्यांचीच दुपटी झाली, झबली झाली, आणि लंगोटांचा तर ढीग झाला.

पाच घरं मोजताना ती आपल्या दारातून निघून उजवीकडे वळली होती. डावीकडे, भिंतीला भिंत लागून असलेलं कौसाबाईचं घर तिने घेतलं नाही.

गजराबाई आणि कौसाबाई एकाच वैशाखात, चार दिवसांच्या अंतराने त्या गल्लीत नांदायला आल्या होत्या. दोघींची माहेरं तापीपलीकडची. दोघींची घरं धाब्याची, मागच्या परसांत मध्ये फक्त तुराट्यांचा कूड. कौसाबाईच्या परसात आड होता आणि गजराबाईच्या परसात लिंबाचं मोठं झाड. पंचवीस वर्षं एकीने दुसरीचं पाणी नेलं आणि दुसरीने पहिलीच्या सावलीत पापड लाटले. कौसाबाईला मूल झालं नाही. तिचा नवरा रेवजी अबोल माणूस. त्याने दुसरी बायको केली नाही, याचं गावाला जास्त नवल. गजराबाईचा गिरधर कौसाबाईच्याच कडेवर वाढला. शहाद्याच्या बाजारातून ती त्याला गोडीशेव आणायची, आणि गजराबाई म्हणायची, "पोरना दात सडवशी तू."

मग तीन वर्षांपूर्वी, रेवाचा मुलगा चार महिन्यांचा असताना, गजराबाईने परसातल्या दोरीवर बाळोती वाळत घातली होती. वीस-पंचवीस तरी असतील, पांढरीशुभ्र, वाऱ्याने फडफडत. कुडापलीकडून कौसाबाईने मान वर करून पाहिलं आणि हसून म्हटलं होतं, "कितला फडका सुकी ऱ्हायनात वं! घर भरी गयं तुन्हं."

पंधरा दिवसांनी मुलाला ताप चढला आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

गजराबाई भांडली नाही. कुणापाशी एक शब्द बोलली नाही. फक्त आडावर जाणं बंद झालं. घागर घेऊन ती गावच्या विहिरीवर जाऊ लागली, आणि कौसाबाई दारात असली तर पदर पुढे ओढून घेऊ लागली. कौसाबाईने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. गावात अशी गोष्ट न सांगताच कळते. हळूहळू बारशाला, डोहाळजेवणाला कौसाबाईला बोलावणं जाईनासं झालं.

म्हणून भिकूची बाळोती उजेडात येतच नव्हती. नदीवर नेली तर दहाजणी बघणार, परसात घातली तर कौसाबाई. गजराबाई पहाटे मोरीतच ती राखेने चोळायची. विहिरीवरून आणलेल्या दोन घागरींत सगळं भागवायचं, म्हणजे एकच पाणी निघायचं. मग ती मागच्या अंधाऱ्या खोलीत, ज्वारीच्या कणग्यांमागे बांधलेल्या दोरीवर टांगायची आणि खाली शेगडीत गोवऱ्यांची धग ठेवायची. मार्गशीर्षाची थंडी, त्या खोलीत कापड वाळायचं कसलं, नुसतं धुरकटायचं. हाताला कोरडं वाटे, पण गालाला लावलं तर गार लागे. पण गालाला लावून बघायचं गजराबाईला सुचलं नव्हतं. बाळोती कुणाच्या दृष्टीस पडली नाहीत, एवढ्यातच तिचा जीव निवांत होता.

पुढच्या आठवड्यात भिकूचं अंग निवळू लागलं.

आधी ओल सुकली. मग लाली कडांकडून आत आत सरकत गेली. आठ-दहा दिवसांत फक्त जांघेच्या वळीत एक गुलाबी रेघ उरली. भिकू दुपारभर झोपू लागली, जागी झाली की पाय उडवू लागली. गजराबाईने तुपाची वाटी उजेडात धरून पाहिली आणि तिला आपल्या आईची आठवण आली.

नदीवर मोतीबाई भेटली. पाच घरांतलं पहिलं घर तिचं. अंगाने भरलेली, तोंडाने त्याहून भरलेली.

"काय वं गजराबाई, मन्हं लुगडं कामले उनं का?"

"उनं तं."

"बारा वरीस मी नेसनू ते, तव्हय फाटनं नही. तुन्ही नातनी तीन महिनामा त्यानी चिंधी करी टाकी. मन्ह्यापेक्षा जोरदार शे पोर!"

बाकीच्या बायका हसल्या. गजराबाईही हसली, नातीविषयी उघड्यावर हसायची हिंमत तिला तीन महिन्यांत पहिल्यांदाच झाली होती.

"आंग बरं व्हयनं का तिनं?"

"व्हयनं. शंभर पाणीनं तूप शे ते, काय हासाना खेळ शे?"

"मंग तं मन्हा जावईले बी लाव जराखं," मोतीबाई म्हणाली. "बसस तठून उठतच नही."

त्या दिवशी गजराबाई हलक्या पायाने घरी आली.

गिरधर कापसाच्या गाड्या घेऊन दोंडाईच्याच्या जिनात गेलेला, पाटील वसुलीच्या कामात. वेचणीवर लक्ष ठेवायला दुपारी गजराबाईच शेतात जात असे. निघण्यापूर्वी तिने भिकूला पायांवर घेतलं आणि नवा लंगोट बांधायला ढिगातलं वरचं बाळोतं उचललं. बाळोत्याच्या घडीतून काहीतरी खाली पडलं. तिने चिमटीत उचलून पाहिलं. बाभळीचं फूल. पिवळं, गोल, अजून पुरतं वाळलेलंही नव्हतं.

तिने बाळोतं नाकाशी नेलं. धुराचा वास नव्हता. राखेचा नव्हता. मग तिने ते गालाला लावलं. कापड कोरडं ठणठणीत होतं आणि त्याला उन्हाचा वास येत होता.

कणग्यांमागे बाभूळ नव्हती. त्यांच्या परसातही नव्हती. होती ती कुडापलीकडे, आडाच्या कडेला.

गजराबाईने लंगोट बांधला, पोर रेवाकडे दिली आणि शेतात गेली. वेचणाऱ्या बायका गाणी म्हणत होत्या. ती बांधावर बसून होती. सूर्य जरा कलल्यावर तिने एकीला सांगितलं, "डोकं दुखी ऱ्हायनं," आणि घराकडे निघाली. पुढच्या दाराने ती आत शिरली नाही. बोळातून वळसा घालून परसाच्या मागच्या बाजूला आली, आणि तुराट्यांच्या फटीतून तिने पाहिलं.

कौसाबाईच्या परसात बाळोतीच बाळोती होती. दोरीवर, आडाच्या कठड्यावर, बाभळीच्या खालच्या फांद्यांवर. मोतीबाईच्या लुगड्याची हिरवी किनार तिने लांबूनही ओळखली. ऊन सगळीकडे सारखं पडलं होतं. आडापाशी दगडावर ताजं पाणी सांडलेलं होतं.

कौसाबाई दोरीपाशी उभी होती. गजराबाई ओरडणार तोच थांबली, कारण कौसाबाईच्या हातात तुराटीची लांब काडी होती. ती हातभर अंतरावर उभी राहून काडीच्या टोकाने एकेक बाळोतं उचलत होती, पलटत होती आणि दोरीवर पुन्हा सरळ करत होती. एक बाळोतं काडीवरून घसरून खाली पडलं. ती वाकली. हात पुढे गेला, आणि बोटं कापडाला लागण्याआधीच मागे आला. मग तिने काडीनेच ते उचललं, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा जमलं. हे सगळं करताना तिने तोंड बाजूला वळवलेलं होतं. चुलीतल्या धुरापासून बाई तोंड फिरवते तसं.

गजराबाईने कुडाला हात टेकला. पाच वर्षांच्या गिरधरला या हातांनी याच आडावर आंघोळ घातलेली तिने पाहिली होती. या हातांनी तिच्याच बाळंतपणात तिची कंबर चोळली होती. त्या हातांविषयी ती गावात कधी एक अक्षर बोलली नव्हती. बोलली नव्हती, पण पदर पुढे ओढला होता. तीन वर्षं, रोज.

ती आली तशीच बोळातून मागे गेली, शेताच्या वाटेवर एका दगडावर बसून राहिली, आणि रोजच्याच वेळेला घरी परतली.

दिवेलागणीला रेवा भाकरी थापत होती. गजराबाईने भिकूला मांडीवर घेतलं होतं. तिचा लंगोट सैल होता. हल्ली तो सैलच असतो, हेही तिच्या आता ध्यानात आलं.

"रेवा."

"काय, आत्याबाई?"

"उद्यापाइन फडका टोपलीमा लई जाय. पदरखाल कोंबीसन नको नेऊ."

भाकरी रेवाच्या हातातच राहिली. तव्यावर टाकायची ती विसरली.

"तुम्हले कोनी सांगं?"

"बाभूयना फुलनी."

रेवा खाली मान घालून बोलू लागली. कौसामावशी महिनाभर भिकूचं रडणं कुडापलीकडून ऐकत होत्या. एका दुपारी त्यांनी तिकडूनच विचारलं. "म्हनन्यात, 'पोर भुकी नही शे, तिले आग व्हस. राख ऱ्हाई जास कापडमा, एक पाणीमा निंघत नही. मन्हा आडले पाणी मायंदाळ शे. तीन पाणी काढ आनि उनमा टाक. पोरले दुपारले घटकाभर उघडी ठेव, लंगोट ढिला बांध.' मी घाबरी गऊ, आत्याबाई. पन पोर इतली रडे…"

"मन्हं तूप?"

"ते तं लावतच व्हतू ना," रेवा घाईने म्हणाली. "मावशी म्हनन्यात, तूप गजरानंच लावजो. तसं कोनालेच जमत नही."

गजराबाईने भिकूच्या तळपायावरून अंगठा फिरवला. पायाने अंगठ्याला लाथ मारली.

"आनि मन्ह्याबद्दल काय म्हने?"

"म्हनन्यात, 'गजराले सांगू नको. ती घाबरी जाई.'"

"रागे भरी, असं म्हनं व्हई."

"नही. 'घाबरी जाई' म्हनन्यात."

रेवाने भाकरी तव्यावर टाकली. एका बाजूने पाणी फिरवलं. गजराबाई चुलीतल्या जाळाकडे पाहत होती.

"काडीवरीच उलटस का ती रोज?"

रेवाने चमकून वर पाहिलं. सासूने किती पाहिलंय ते तिला तेव्हा कळलं.

"हाव. मी म्हनं, मावशी, हातवरीच करा ना. तं म्हने, काडी बरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गजराबाईने केस विंचरले, कुंकू नीट लावलं आणि दाराबाहेर येऊन डावीकडे वळली. दोन पावलं. कौसाबाईच्या उंबऱ्याबाहेर ती थांबली. पाच दारांपुढे ती अशीच थांबली होती आणि कुठेच जीभ अडली नव्हती. इथे दोनदा खाकरावं लागलं. गल्लीतून घागर घेऊन निघालेली मोतीबाई हे बघून जागीच उभी राहिली.

गजराबाईने पदर पुढे पसरला.

"भीक वाढ वं, माय. पोरना आंगले कापड नही शे."

आत भांड्याचा आवाज होत होता तो बंद झाला. कौसाबाई दारात आली. तिचे पुढचे केस पुरते पांढरे झाले होते. तीन वर्षांत गजराबाईने ते पाहिलेच नव्हते. तिने पसरलेल्या पदराकडे पाहिलं, मग गजराबाईकडे.

"पाच घरं व्हयनात ना तुन्ही?"

"व्हयनात. गिनतीमा चुकनू मी. पहिलं घर ऱ्हाई गयं."

कौसाबाई वळून आत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि मग कितीतरी वेळ काहीच आवाज आला नाही. गजराबाईचे हात भरून आले, पण तिने पदर खाली सोडला नाही.

बाहेर आली तेव्हा कौसाबाईच्या हातात वेताची छोटी टोपली होती. टोपलीत पांढऱ्या कापडाच्या सारख्या घड्या. रेवजीच्या जुन्या पागोट्याची मलमल. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली.

"बारशाना दिनलेच फाडी ठेयेल शे," ती म्हणाली. "तू फिरी ऱ्हायनी ना दारोदार, मी म्हनं आते येशी, मंग येशी." ती जराशी थांबली. "भेवू नको. मन्हा हात नही लागेल त्यासले. मोतीकडथीन फाडी लिधात, धुवाले बी तिलेच सांगं."

गजराबाईने गल्लीत वळून पाहिलं. मोतीबाईने घागर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि एकदम घाईचं काम आठवल्यासारखी चालू पडली.

"टोपली नको," गजराबाई म्हणाली.

"का वं?"

"पदरमा टाक. हातवरी."

कौसाबाईचा एक हात टोपलीवर तसाच राहिला. मग तिने पहिली घडी उचलली. ती पदरात ठेवताना हातून सुटली आणि कापड उलगडून गजराबाईच्या मनगटावर पडलं. दुसरी घडी नीट ठेवली गेली. तिसरी ठेवताना तिने कापडावरून एकदा हात फिरवला, सुरकुती काढावी तसा. एकूण अकरा घड्या.

"इतला वरीस," शेवटी कौसाबाई म्हणाली, "दोन पावलं चालाले."

"हाव," गजराबाई म्हणाली.

त्या दिवशी दुपारी ती शेतात गेली नाही. रेवाने टोपलीभर बाळोती डोक्यावर घेतली आणि कुडाला वळसा घालून, पुढच्या दाराने, गल्लीतून चालत कौसाबाईच्या परसात नेली. सासू-सुना दोघींनी आडाचं पाणी शेंदलं, तीन पाणी काढली. तिसरं पाणी इतकं स्वच्छ निघालं की गजराबाईने ते ओंजळीत घेऊन पाहिलं. दोरीवरची जागा संपली तशी कौसाबाई उरलेली बाळोती कठड्यावर पसरू लागली. काडी कुठेतरी भिंतीला टेकलेली होती. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

मग आडाच्या ओट्यावर, जिथे ऊन होतं पण वारा लागत नव्हता, तिथे रेवाने वाकळ अंथरली आणि भिकूला उघडीनागडी उताणं निजवलं. अंगावर दोरा नाही. भिकूने आधी डोळे मिटून घेतले, मग एक उघडला, आणि मग हातपाय एकदम सोडून दिले. जांघेतली गुलाबी रेघ उन्हात जेमतेम दिसत होती. गजराबाईने तुपाची वाटी उघडली.

कौसाबाई तीन हात लांब, आडाच्या पायरीवर बसली होती. हात मांडीवर, एकावर एक. नजर बाभळीकडे.

गजराबाईने बोटावर तूप घेतलं. भिकूने टाचा आपटल्या आणि तुपाचं बोट पोटावर लागलं. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

"कौसा, तिना पाय धर. लाथा मारस ती."

कौसाबाई हलली नाही.

"धर ना वं. तूप वाया जाई ऱ्हायनं."

कौसाबाई उठली. वाकळीपाशी आली, बसली, आणि सरळ पाय धरण्याऐवजी तिने पोरीलाच उचलून आपल्या मांडीवर आडवं घेतलं, जशी गिरधरला घ्यायची तशी. दोन्ही घोटे एका हातात आले. गजराबाईने तूप लावलं. वळीत, मग कुल्ल्यांवर, अगदी थोडं. भिकूने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि मग कौसाबाईच्या तोंडाकडेच बघत राहिली. कौसाबाईने तोंड फिरवलं नाही.

तेवढ्यात तिच्या मांडीवर ऊन ऊन ओल पसरली. लुगड्याचा लाल रंग गडद होत गुडघ्यापर्यंत आला.

रेवा तोंडाला पदर लावून हसली. "अरे देवा! मावशी, तुम्हनं लुगडं…"

"बदली ये जाय," गजराबाई म्हणाली. "मी लेस तिले."

"ऱ्हाऊ दे." कौसाबाईने घोटे सोडले नाहीत. "वाळी जाई. ऊन शे ना."

ती तशीच ओल्या लुगड्याने बसून राहिली. गजराबाईने वाटीवर झाकण ठेवलं. मग तिच्या लक्षात आलं की तिची सावली कौसाबाईच्या मांडीवर पडली आहे, आणि ती जराशी बाजूला सरकून बसली.